यंत्र नसेल तर निरोप कोण पोचवणार?

सांगलीहून एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ५७ असून ते महाविद्यालयात शिकवतात. तीन मित्रांसह ते गेली तीस वर्षे सह्याद्रीत भटकत आहेत आणि एका संस्थेबरोबर दोनदा हिमालयातही जाऊन आले आहेत. येत्या सप्टेंबरात मात्र संस्थेविना, स्थानिक वाटाड्या आणि खेचरे ठरवून, हिमाचलातील भाबा खिंड ओलांडायचा चौघांचा बेत आहे. सिॲटलला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने वडिलांसाठी गार्मिन इनरीच हे तळहातावर मावणारे उपग्रह संदेशयंत्र विकत घेतले असून तिची नणंद ऑगस्टमध्ये पुण्याला येताना ते सामानातून आणणार आहे. ‘ते बरोबर असेल तरच जा,’ असे पत्नीचे म्हणणे आहे. एक मित्र म्हणतो, ‘पाच लाखांचा विमा काढला आहे, वेळ आली तर हेलिकॉप्टर येईल.’ दुसरा म्हणतो, ‘इतकी वर्षे आपण कुठल्या यंत्राच्या भरवशावर फिरलो?’ भारतात अशा यंत्रांना बंदी असल्याचे या वाचकांनी वाचले आहे. पण ‘पुष्कळ जण नेतात, डोंगरात कोण तपासतो,’ असेही त्यांच्या कानावर आले आहे. यंत्र गुपचूप न्यावे का, विमा पुरेसा आहे का आणि पत्नीची समजूत कशी घालावी, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. ते यंत्र मागवू नका आणि मुलीला आजच तसे कळवा. तुम्ही डोंगरातल्या तपासणीचा विचार केलात, पण त्याआधी विमानतळ येतो आणि तिथे उभी असेल ती तुमच्या मुलीची नणंद. भारतात उपग्रहावरून संदेश देणारी उपकरणे दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरतो. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून हा नियम चालत आला असून २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात हल्लेखोरांनी उपग्रह फोन वापरल्याचे उघड झाल्यावर त्याची अंमलबजावणी अधिक कडक झाली. तुमच्या मुलीने घेतलेले यंत्र इरिडियम या कंपनीच्या उपग्रहांवर चालते आणि थुराया या दुसऱ्या उपग्रह फोन कंपनीबरोबर इरिडियमचे नावही या बंदीत स्पष्टपणे घेतले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका धावपटूला नेमक्या याच जातीच्या यंत्रापायी ताब्यात घेण्यात आले होते. तिने ते लपवलेसुद्धा नव्हते. तपासणीच्या वेळी सामानातून काढून सरळ ट्रेमध्ये ठेवले होते. दंड किरकोळ झाला, पण पोलीस ठाणे, वकील आणि न्यायालय या फेऱ्यांतून तिला जावे लागले. आपल्या काळजीपोटी दुसऱ्याच्या लेकीला त्या रांगेत उभे करणे तुम्हाला रुचणार नाही, याची मला खात्री आहे.

समजा, यंत्र सुखरूप तुमच्या हाती आले. त्यावरचे संकटाचे बटण दाबले की संदेश अमेरिकेतील नियंत्रण केंद्राकडे जातो. तेथील माणसे तुमची जागा पाहून भारतातील यंत्रणेला कळवतात आणि पुढची हालचाल ती यंत्रणा करते. म्हणजे ज्या क्षणी त्या यंत्राचा खरा उपयोग व्हायचा, त्याच क्षणी ते गुपित राहू शकत नाही. तुम्ही जाणार तो मुलूख किन्नौर आणि स्पितीचा आहे, तिबेटची सरहद्द जवळ आहे आणि उपग्रहाकडे जाणाऱ्या अनोळखी संदेशाकडे तिथे कोणीही सहजपणे पाहणार नाही. जीव जात असताना कायद्याचा विचार कोण करील, असे तुम्ही म्हणाल आणि ते खरेच आहे. मात्र तुम्ही आज घरात बसून, शांतपणे बेत आखत आहात. बटण दाबावे की दाबू नये, या विचारात तास घालवायला लावणारे साधन संकटात साधन राहत नाही.

हे लिहिताना मला समाधान वाटत नाही, हेही सांगते. या यंत्रांमुळे जगभर माणसे वाचली आहेत. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात सहस्त्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातील ९ जण दगावले. उंचावरच्या वादळात प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि मोबाइल लागेल अशा जागेपर्यंत माणूस चालत जाईस्तोवर ते तास हातातून निसटतात. आपल्याच देशात इस्रोने २०१० पासून मच्छीमारांसाठी उपग्रहावरून संकटाचा संदेश देणारे यंत्र उपलब्ध करून दिले आहे, आणि २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत संदेश मिळाल्याची पोच नौकेवर परत येते. समुद्रात जाणाऱ्यांना जे मिळते ते नोंदणी करून, ठरावीक मुदतीपुरते, डोंगरात जाणाऱ्यांना का मिळू नये, हा प्रश्न गिर्यारोहण संस्थांनी सरकारपुढे नेटाने मांडला पाहिजे. परवानगी घेऊन बीएसएनएलमार्फत इनमारसॅटचा उपग्रह फोन वापरण्याचा मार्ग आहे, पण चार मित्रांच्या खासगी भटकंतीला तो झेपणारा नाही. नव्या आयफोनवरची उपग्रह संदेशाची सोयही भारतात सुरू नाही, म्हणून तो विचारही बाजूला ठेवा.

आता तुमच्या पत्रातील एका गृहीतकाकडे वळते, कारण तुमचे तिन्ही प्रश्न त्याच्यावर उभे आहेत. निरोप पोचला म्हणजे मदत आली, असे तुम्ही, तुमची मुलगी आणि विमा काढणारे तुमचे मित्र असे सगळेच धरून चालला आहात.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहा जण भीमाशंकरहून खांडसच्या बाजूला उतरत होतो. ऑगस्ट महिना होता. दुपारी साडेचारच्या सुमारास शेवाळलेल्या दगडावरून आमच्या मैत्रिणीचा पाय घसरला आणि घोट्याजवळचे हाड मोडल्याचा आवाज मागे चालणाऱ्या मला ऐकू आला. मोबाइलला रेंज होती. दहा मिनिटांत खालच्या गावात आणि बचाव करणाऱ्या मुलांपर्यंत बातमी पोचली. मुले निघाली, गावातली माणसेही निघाली आणि अंधार पडता पडता ती आमच्यापर्यंत आली. तिला स्ट्रेचरवर घट्ट बांधले, आठ जणांनी उचलले, आणखी आठ जण खांदेपालटासाठी मागे चालत राहिले. उताराच्या ठिकाणी मागून दोर लावून ते इंचाइंचाने सोडावे लागत होते. एका घळीत पाणी चढले होते, ते ओसरेपर्यंत पाऊण तास आम्ही तिच्यावर प्लास्टिकचा कागद धरून उभे होतो, आणि ती थंडीने इतकी थरथरत होती की स्ट्रेचरच्या कड्या वाजत होत्या. गाडीरस्त्याला पोचलो तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. निरोपाला दहा मिनिटे लागली होती आणि माणूस खाली यायला नऊ तास. त्या नऊ तासांत तिला सांभाळले ते एका कोरड्या लोकरी स्वेटरने, दोन कार्यकर्त्यांच्या जॅकेटांनी आणि गुळाच्या कोमट पाण्याने.

हा सह्याद्री होता. इथे पायथ्याला गाव असते, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची मुले स्वतःची कामे टाकून, एक पैसाही न घेता धावून येतात. ‘तीस वर्षे कुठल्या यंत्राच्या भरवशावर फिरलो’ असे म्हणणाऱ्या तुमच्या मित्रांना हे जरूर सांगा, की तुम्ही तीस वर्षे माणसांच्या भरवशावर फिरलात. ती माणसे भाबा खिंडीत नाहीत. जिथून चढाई सुरू होते ते काफनू गाव सोडल्यावर मुलिंग, कारा, फुस्तिरंग हे मुक्काम जसजसे मागे पडतात तसतशी वस्ती संपत जाते, आणि खिंडीपलीकडे पिन खोऱ्यातले मुद गाव येईपर्यंत तुमची भिस्त तुमच्यावर, वाटाड्यावर आणि खेचरवाल्यांवरच असते. सप्टेंबर सरत येतो तसे मेंढपाळही कळप घेऊन खाली उतरू लागतात. शिवाय सह्याद्रीत हवा विरळ होत नाही. काफनू सुमारे २,४०० मीटरवर आहे आणि खिंड सुमारे ४,९०० मीटरवर. तीस वर्षांच्या अनुभवाने पाय तयार होतात; फुप्फुसांना आणि मेंदूला मात्र प्रत्येक वेळी नव्याने वेळ द्यावा लागतो.

आता विम्याविषयी, कारण इथे गैरसमज जास्त आहेत. बचावाचा विमा ही कल्पना मुख्यतः आल्प्स आणि नेपाळ अशा ठिकाणची आहे, जिथे पैसे मोजले की खासगी हेलिकॉप्टर मिळते. भारतीय हिमालयात, त्यातही सरहद्दीजवळ, बचाव होतो तो प्रामुख्याने हवाई दल, लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस, राज्याचे आपत्ती दल आणि स्थानिक माणसे यांच्याकडून, आणि तो जिल्हा प्रशासनाच्या हालचालीने होतो. तिथे तुमची पॉलिसी कोणी विचारत नाही आणि पॉलिसी आहे म्हणून कोणी लवकरही येत नाही. दुपारनंतर खिंडीवर ढग उतरले की कोणाच्याही खर्चाने हेलिकॉप्टर उडत नाही. विमा खर्चाचा भार हलका करतो, पण माणूस आणून देण्याचे काम त्याचे नाही.

तरीही विमा काढलात हे चांगलेच केले, फक्त त्याचे कागद आता बारकाईने वाचा. पहिली पाहायची गोष्ट म्हणजे उंचीची मर्यादा. काही पॉलिसी ४,५०० मीटरवर थांबतात. तशी तुमची असेल तर ज्या दिवशी सर्वांत जास्त धोका आहे नेमक्या त्याच दिवशी तुम्ही विम्याबाहेर असाल. वयाची अट पाहा. रक्तदाब किंवा मधुमेह असेल आणि तो अर्जात लिहिला नसेल, तर तो आजच लेखी कळवा. संस्थेविना, स्वतः आखलेली मोहीम चालते का, हे कंपनीकडून ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. ‘पाच लाख’ हा आकडा कशाचा आहे तेही पाहा. पुष्कळदा ती अपघाती मृत्यूची रक्कम असते आणि डोंगरातून खाली आणण्याच्या खर्चाची मर्यादा त्यातच कुठेतरी बारीक अक्षरांत, फार लहान असते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना रुग्णवाहिकेचा मोठा खर्च परत मिळाला नाही, कारण निघण्याआधी कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवले नव्हते. तेव्हा तो क्रमांक चौघांच्याही खिशात आणि घरी पत्नीजवळ कागदावर असू द्या, आणि कळवण्याचे काम पत्नीने करायचे हे आधीच ठरवा, कारण तुमच्याकडे रेंज नसेल.

तुमच्या नेहमीच्या आरोग्य विम्यालाही कमी लेखू नका. आपल्याकडील आरोग्य पॉलिसींमध्ये साहसी खेळांविषयी जे प्रमाणित वगळणूक कलम आहे, ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरते आहे. हौसेने चालायला गेलेल्या माणसाला रामपूरच्या खनेरी रुग्णालयात किंवा शिमल्याला दाखल करावे लागले तर केवळ ‘डोंगरात गेला होता’ एवढ्यावरून दावा नाकारला जाऊ नये. अपघात विम्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या स्वतंत्रपणे वाचा.

नेपाळला जाणाऱ्या वाचकांसाठी थोडे लिहिते, कारण एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे मराठी लोक आता फार आहेत. तो तळ ५,३६४ मीटरवर असल्याने निदान ६,००० मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा घ्या. मात्र साधी डोकेदुखी झाली की हेलिकॉप्टरने उतरवण्याची घाई कोणी करू लागले, तर सावध राहा. विम्याच्या पैशांसाठी गरज नसताना केलेल्या अशा ‘बचावां’ची २०१८ मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली होती.

तर मग तुम्ही करायचे काय? माझ्या मते तुमच्या बेतातली सर्वांत मोठी सुधारणा एका जादा दिवसाची आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावे, असे पर्वतवैद्यकातले जाणकार सांगतात. काराला एक दिवस थांबा, दुपारी थोडे वर चढून या आणि झोपायला खाली या. या एका दिवसाचा खर्च त्या यंत्राच्या किमतीपेक्षा कमी आहे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायला लागायचे, बरोबर एक जण जायचाच, आणि हा निर्णय आजारी माणसाला विचारून घ्यायचा नाही, हे चौघांनी इथेच, सांगलीत, एकमेकांसमोर कबूल करा. वयाची साठी जवळ आली आहे तेव्हा निघण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या आणि विरळ हवेच्या त्रासावरचे डायमॉक्स हे औषध घ्यावे का, हे स्वतःच्या डॉक्टरांना विचारा.

निरोपाचे काम माणसांवर सोपवायचे आहे, म्हणून ती माणसे आताच नेमा. मुदहून तुम्हाला आणायला स्पितीतल्या काझा गावची गाडी ठरवाल, तिचा चालक हा यातला फार महत्त्वाचा माणूस आहे. तो अमुक तारखेला दुपारी मुदला पोचेल, रात्री तिथेच मुक्काम करील आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत तुम्ही आला नाहीत तर काझाच्या प्रशासनाला आणि तुमच्या घरी कळवील, असे त्याच्याशी स्पष्ट बोला आणि त्या मुक्कामाचे पैसे आगाऊ द्या. वाटाड्या ठरवताना तो खिंड कितीदा ओलांडून गेला आहे आणि तुमच्यापैकी एखाद्याला खेचरावर घालून परत फिरायची त्याची तयारी आहे का, हे विचारा. काफनूला पोलीस आणि वन खात्याकडे चौघांची नावे, वाट आणि परतीची तारीख नोंदवल्याशिवाय पाऊल उचलू नका. वरून मदतीसाठी कोणाला खाली पाठवायची वेळ आली, तर दोघांना पाठवा आणि तोंडी निरोपावर विसंबू नका. कोणाला काय झाले, किती वाजता, कोणत्या मुक्कामाच्या कोणत्या बाजूला, शुद्ध आहे का, चालता येते का आणि जवळ अन्न व इंधन किती दिवसांचे आहे, एवढे कागदावर लिहून द्या. दमलेला, घाबरलेला माणूस खाली पोचेपर्यंत अर्धे विसरतो.

घरी पत्नीजवळ एक कागद ठेवा. त्यावर रोजचा मुक्काम, वाटाड्याचे, खेचरवाल्याचे व चालकाचे क्रमांक, चौघांचे रक्तगट आणि औषधे लिहा. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक अनेकांना पाठ असतो; पण सांगलीहून तो नुसता फिरवला तर फोन सांगलीच्याच कक्षात वाजतो. म्हणून किन्नौरसाठी रेकाँग पिओ आणि स्पितीसाठी काझा व केलाँग येथील कार्यालयांचे एसटीडी कोडसह क्रमांक शोधा, निघण्यापूर्वी एकदा फोन लावून खात्री करा आणि मगच ते कागदावर उतरवा. कोणत्या तारखेला, किती वाजता तिने पहिला फोन करायचा, हेही ठळक लिहा. ‘थोडी वाट पाहू’ या संकोचात घरची माणसे एक अख्खा दिवस घालवतात.

राहिला पत्नीचा प्रश्न. तुम्ही ‘समजूत कशी घालावी’ असे विचारले आहे आणि तो शब्द मला खटकला. त्यांना यंत्राचे आकर्षण नाही. तुम्ही वर असताना आपल्या हातात काहीच नसते, हे त्यांना सोसवत नाही. त्या कागदाने त्यांच्या हातात काहीतरी येईल. तो तुम्ही लिहून देऊ नका, त्यांच्याबरोबर बसून त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या, आणि वाटाड्याशी व चालकाशी त्यांचे एकदा प्रत्यक्ष बोलणे करून द्या. काफनूहून शेवटचा फोन झाल्यावर मुदला किंवा काझाला रेंज मिळेपर्यंत किती दिवस काहीच कळणार नाही, तेही कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवा. जादा दिवस धरून ते सहा येतील. ‘चार-पाच’ असे मोघम सांगू नका. हे सगळे ऐकूनही त्या नको म्हणाल्या, तर या वर्षी बचावाची जबाबदारी घेणाऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेबरोबर जाण्याचा पर्याय तुमच्यापुढे आहे, आणि त्यात तुमच्या तीस वर्षांना काहीही उणेपणा येत नाही.

आणि मुलीला लिहाल तेव्हा यंत्र परत करायला सांगू नका. सिॲटलजवळच्या कॅस्केड पर्वतात सुटीच्या दिवशी ती जात असेल, तर तिथे ते कायदेशीर आहे आणि संदेश मिळताच काउंटीच्या शेरिफची बचाव पथके हलतात. ते तिच्या पाठपिशवीत राहू द्या, आणि आईने लिहिलेल्या कागदाची एक प्रत तिलाही पाठवा. सांगलीत रात्र असते तेव्हा तिच्याकडे दिवस असतो. काझाला फोन लावायची वेळ आलीच, तर दोघींपैकी एक जण जागी असेल.